रावपुऱ्यातलं पेटंट-ट्रेडमार्कचं ऑफिस: बाबांच्या सोऱ्यासाठी सव्वा वर्ष घातलेल्या चकरा

२०२४च्या श्रावणात आमच्या घरी रजिस्टर पोस्टाने एक नोटीस आली. इंग्रजीत, अकरा पानांची, परराज्यातल्या एका कंपनीच्या वकिलाची. आमचं बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, छोटं वर्कशॉप आहे. पितळी सोरे करतो. आमचे गुजराती शेजारी ज्याला संचो म्हणतात, तेच. नोटिशीत लिहिलं होतं की सोऱ्यावरचं नाव त्यांचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे, सोऱ्याचा आकार त्यांचं रजिस्टर्ड डिझाईन आहे आणि खालच्या झाकणाच्या खटक्यावर त्यांचा पेटंटचा अर्ज दाखल आहे. पंधरा दिवसांत माल बाजारातून काढून घ्या, नाहीतर दावा लावू.

ते नाव माझ्या आजीचं. खटका बाबांनी काढलेला. बाबा २०१५ मध्ये गेले. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण नोटिशीला जोडलेलं चित्र बघून ती एवढंच म्हणाली, "हा तर यांचाच सोऱ्या." प्रकरण अजून चालू आहे म्हणून नाव इथे लिहीत नाही, समोरच्या कंपनीचंही नाही.

आठवड्याभरात ऑनलाइन विक्रीचं आमचं पानही बंद झालं, कारण त्या कंपनीने तिथेही ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट दाखवून तक्रार केली होती. गणपती ते दिवाळी या दोन-अडीच महिन्यांत आमचा वर्षाचा निम्मा माल जातो. तेव्हा आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या रावपुऱ्यातल्या वकिलांच्या ऑफिसबद्दल हे लिहिते आहे. जीआयडीसीतले तीन-चार ओळखीचे लोक गेल्या दोन महिन्यांत "कोणाकडे गेलात, काम कसं आहे" असं विचारून गेले. प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आधी एक कबुली. ही कंपनी आम्हाला पहिल्यांदा २०२४ मध्ये कळली असं नाही. २०२२ मध्ये दादाने नाव रजिस्टर करायचं म्हणून एका ऑनलाइन सेवेकडे पैसे भरले होते. त्यांनी दोन दिवसांत फोन केला, "हे नाव गेलेलं आहे, दुसरं निवडा." आम्ही किती वर्षं हे नाव वापरतो हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. दादा म्हणाला, जाऊ दे, आपला माल आपल्या गिऱ्हाइकाला माहीत आहे. हे ऐकल्यावर रावपुऱ्यातल्या वकीलबेन खरोखर रागावल्या. त्यांनी ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३३ उघडून दाखवलं: समोरचा वापरतो आहे हे माहीत असूनही सलग पाच वर्षं गप्प बसलं तर पुढे तक्रार करायची वाट बंद होऊ शकते. "तुमची दोन गेली," त्या म्हणाल्या.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लाकडी जिना, लिफ्ट नाही. आईचे गुडघे दुखतात. पहिल्या दिवशी ती खाली स्टेशनरीच्या दुकानात बसून राहिली, तर वकीलबेन स्वतः वही घेऊन खाली आल्या आणि दुकानातल्या स्टुलावर बसून तिच्याशी बोलल्या. आईला त्या काकी म्हणतात. सगळी हकीकत दहा मिनिटं ऐकली आणि मग एकच वाक्य बोलल्या, जे पुढे सव्वा वर्ष आम्ही ऐकत आलो: "कागळ बतावो." आम्ही म्हणालो, अहो, सगळं बडोदं जाणतं की हा सोऱ्या आमचा. त्या म्हणाल्या, जाणत असेल, पण बडोद्याने ते कुठे लिहून ठेवलं आहे का, ते शोधून आणा.

त्यांचं काम मला कशामुळे पटलं, तर त्यांनी नोटिशीला एक नोटीस समजून उत्तर दिलं नाही. नाव, आकार आणि खटका अशा तीन वेगळ्या फायली केल्या आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की "आम्ही आधीपासून करतो" या एका वाक्याला तिन्ही कायद्यांत तीन वेगळ्या किमती आहेत.

नावाच्या बाबतीत आमची बाजू भक्कम निघाली. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ म्हणतं की जो आधीपासून सतत नाव वापरतो आहे त्याला रजिस्ट्रेशनवाला अडवू शकत नाही. मात्र "आधीपासून" म्हणजे त्याच्या रजिस्ट्रेशनच्या आधी एवढंच पुरत नाही. त्याचा स्वतःचा वापर आणि त्याचं रजिस्ट्रेशन, यांतली जी तारीख अगोदरची, तिच्याही आधी. समोरच्यांचा अर्ज २०१९चा, त्यात वापर २०१८पासून असल्याचं लिहिलेलं. आमचं पहिलं बिलबुक १९९३चं. वकीलबेननी आम्हाला तिरुनेलवेलीच्या हलव्याचा खटला सांगितला. इरुट्टुकडै हलवा या नावावरून भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क रजिस्ट्रेशनपेक्षा वरचढ असतो. दादाने ते ऐकून सुटकेचा श्वास सोडला, तर बेननी लगेच विचारलं, "सतत वापर आहे ना? मध्ये कधी बंद होतं?"

होतं. २००९ मध्ये बाबांची बायपास झाली, वर्कशॉप आठ महिने बंद. आम्ही हे सांगायला कचरत होतो. त्यांनी उलट आधी याच भोकाला ठिगळ लावायला घेतलं. मांडवीजवळच्या एका भांड्यांच्या दुकानदार काकांकडे आमचा माल पडून होता आणि तो ते विकत होते. काकांनी त्या वर्षाची खातेवही माळ्यावरून काढून दिली. पानाच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आजीचं नाव, नगाची संख्या आणि तारीख शाबूत. आठ महिन्यांत एकोणीस नग. माल बनवणं थांबलं तरी नाव बाजारातून गेलेलं नव्हतं, हे त्या एकोणीस ओळींवरून दाखवता आलं.

आकाराची गोष्ट अवघड होती आणि तीच मला इथे सविस्तर सांगायची आहे, कारण बहुतेक कारखानदार इथेच चुकतात. आम्हाला वाटलं, नावाला जसं कलम ३४ आहे तसं आकारालाही असेल: आम्ही आधी करत होतो, तेव्हा आम्हाला करू द्या. तसं नाही. डिझाईनच्या कायद्यात आधीच्या उत्पादकाला स्वतःपुरतं चालू ठेवायची सवलत मिळत नाही. तिथे एकच रस्ता आहे: समोरच्याचं डिझाईन नवं नव्हतंच, ते त्याच्या तारखेआधी लोकांसमोर आलेलं होतं, हे सिद्ध करायचं. त्या आधारावर कलम १९खाली कोलकात्याच्या डिझाईन कार्यालयात रद्द करण्याचा अर्ज करायचा, आणि दावा झालाच तर तोच मुद्दा बचावात मांडायचा. रजिस्ट्रेशन एकदा झालं की दहा वर्षं चालतं, वर आणखी पाच वाढवून मिळतात. त्यांचं २०२१चं.

मग दादा म्हणाला, "रद्द झालं की आकार आपल्या नावावर होईल ना?" वकीलबेन थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, नाही. आपण इतकी वर्षं तो उघड विकला, म्हणून तो त्यांच्यासाठी जसा नवा नाही, तसा आपल्यासाठीही नाही. रद्द झालं तर तो सगळ्यांचा होईल. दादाचा चेहरा उतरला. मीही त्या रात्री जेवले नाही. पण हे त्यांनी पैसे घ्यायच्या आधी सांगितलं, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. दुसऱ्या कोणी आम्हाला गोड बोलून नवा डिझाईन-अर्ज करायला लावला असता, आणि आमच्याच जुन्या बिलांनी तो पाडला असता.

बाबांनी ग्राफपेपरवर काढलेलं १९९२चं ड्रॉइंग आमच्याकडे होतं. त्याच्या कॉपीराइटचा उपयोग होईल का, हेही विचारलं. रजिस्टर होऊ शकणारं डिझाईन रजिस्टर न करता पन्नासपेक्षा जास्त नग काढले की त्या डिझाईनमधला कॉपीराइट संपतो, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम १५मध्ये आहे. आम्ही हजारो काढले. एप्रिल २०२५ मध्ये याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि तो खटला आपल्या वडोदऱ्याच्याच कमर्शिअल कोर्टात सुरू झालेला: आयनॉक्स इंडिया आणि क्रायोगॅस यांच्यातला, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) वाहणाऱ्या सेमी-ट्रेलरच्या ड्रॉइंगवरून. ड्रॉइंग ही मुळात कलाकृती आहे की कारखान्यात घडवायच्या वस्तूचं डिझाईन, हे आधी तपासायचं आणि मग वस्तूचा मुख्य हेतू उपयोगाचा आहे का ते बघायचं, असं न्यायालयाने सांगितलं. निकाल आल्यावर बेननी आम्हाला मुद्दाम फोन करून बोलावलं आणि आमच्या ड्रॉइंगला त्यातून काही मिळणार नाही हे समजावून सांगितलं. मिळणार नाही हे सांगायला बोलावणारा वकील मी पहिल्यांदा पाहिला.

तर आकाराचा पुरावा कुठून आणायचा? बिलात आकार नसतो. "पितळी सोऱ्या, नग १२" यावरून मूठ कशी होती ते कळत नाही. आम्ही घरातल्या सगळ्या पेट्या उपसल्या. शेवटी आईला आठवलं की आमच्या पोळीतल्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली घरांची गल्ली) गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेत बाबा दरवर्षी पाव पानाची जाहिरात देत. पोळीतल्याच एका जुन्या कार्यकर्त्यांकडे ती स्मरणिका मिळाली. मुखपृष्ठावर "भाद्रपद शके १९१८", म्हणजे १९९६. आत सत्तावीसाव्या पानावर, वरच्या अंगाला आरतीची वेळ आणि खाली आमचा सोऱ्या, बाजूने काढलेला फोटो. वरची मूठ पाकळ्यांसारखी, मधे कमरेसारखा निमुळता भाग आणि खाली दोन कंगोरे. वकीलबेननी समोरच्यांच्या डिझाईनचं चित्र त्याच्या शेजारी ठेवलं आणि फूटपट्टीने मुठीच्या पाकळ्या मोजल्या. दोन्हीकडे सहा. त्या खुर्चीवरून उठून आईच्या पाया पडल्या. छापील, तारीख असलेलं, लोकांत वाटलेलं आणि आकार डोळ्यांना दिसणारं: डिझाईनच्या कामात याहून चांगला कागद नाही, असं त्या म्हणाल्या.

खटक्याचं काम आणखी वेगळं. तो आतला भाग, दिसण्याचा नव्हे तर चालण्याचा, म्हणून डिझाईनमध्ये बसत नाही. तो पेटंटचा विषय. ज्यांनी सोऱ्या वापरला आहे त्यांना माहीत असेल, झाकणाच्या आट्यांत पीठ अडकलं की झाकण फिरत नाही, मग फडकं गुंडाळून दोघांनी ओढावं लागतं. बाबांनी आटेच काढून टाकले. झाकणाला आतून दोन दात, नळीला दोन खाचा; बसवून पाव फेरा फिरवला की खट् आवाज येतो आणि झाकण बसतं. समोरच्यांच्या अर्जात हेच होतं. पेटंट ऑफिसच्या साइटवर तो प्रसिद्ध झालेला बेननी शोधला. पेटंट मिळण्याआधी अशा अर्जाला कोणीही विरोध करू शकतं, आणि तारखेआधी भारतात ती गोष्ट उघड वापरात होती हे एक कारण कायद्यातच दिलेलं आहे.

पण दाखवणार काय? स्मरणिकेच्या फोटोत झाकणाची आतली बाजू दिसत नाही. डब्यात घालायचा आमचा माहितीकागद होता, "पाव फेरा फिरवा, खटका वाजेल", त्यावर तारीख नाही. बेननी तेव्हा हळदीचं उदाहरण दिलं. जखमेवर हळद लावणं आपल्या प्रत्येक आजीला माहीत, तरी १९९५ मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट टिकलं नाही. नुसतं "आम्हाला माहीत होतं" म्हणून भागलं नाही.

मग मलाच सुचलं. आपल्याकडे लग्नात भांडं देताना त्यावर नाव घालतात! दांडिया बाजारातल्या एका मावशींना त्यांच्या लग्नात आमचा सोऱ्या आहेरात आला होता. मी धावत गेले. मावशींनी फडताळातून काढला. नळीवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं: देणाऱ्याचं नाव, "शुभविवाहप्रीत्यर्थ" आणि तारीख, ५-५-९७. मी चिंच घेऊन घासायला बसणार तेवढ्यात बेनचा फोन, हात लावू नका, आहे तसा आणा, अक्षरं झिजतील. ऑफिसात त्यांनी तो काळवंडलेला सोऱ्या दोन्ही हातांनी धरला, झाकण बसवलं, पाव फेरा फिरवला. खट्. ज्युनिअर मुलाने सगळ्या बाजूंनी फोटो काढले, व्हिडिओ काढला, मावशींचं अ‍ॅफिडेव्हिट त्यांच्या घरी जाऊन मराठीत वाचून दाखवलं आणि मगच सही घेतली.

आता जे आवडलं नाही ते. पहिली आणि गंभीर गोष्ट: आईच्या अ‍ॅफिडेव्हिटच्या मसुद्यात वापराचं वर्ष १९९३ऐवजी १९८३ टाइप झालं होतं. मसुदा इंग्रजीत, दादाने वरवर बघून हो म्हटलं. मी आईला एक एक ओळ मराठीत सांगत होते म्हणून सापडलं. आई म्हणाली, "त्र्याऐंशीला तर माझं लग्नही झालं नव्हतं." एक चुकीचं वर्ष शपथेवर गेलं असतं तर समोरच्या वकिलाने त्यावरून सगळे खरे कागद संशयात ओढले असते. बेननी माफी मागितली, दुसऱ्या दिवशी स्वतः दुरुस्त करून आणलं, पण ज्या ऑफिसचं सगळं काम तारखांवर उभं आहे तिथे ही चूक व्हायला नको होती. तुम्ही गेलात तर मसुदा मराठीत किंवा गुजरातीत मागा. मागितला की देतात, आपणहून देत नाहीत.

दुसरं पैशाचं. सुरुवातीला तिन्ही कामांचे मिळून त्यांनी पंचेचाळीस हजार सांगितले, तीन हप्त्यांत. शेवटी झाले बासष्ट. नोटरी, स्टँप, झेरॉक्स, कुरिअर वेगळे असतात हे तोंडी सांगितलेलं, कागदावर नव्हतं. सरकारी फीचा हिशोब त्यांनी पावतीसकट दिला, त्यात एक पैसा इकडेतिकडे नाही: आमच्या नावाच्या अर्जाचे ४,५०० (लहान उद्योगाला हा दर, बाकीच्यांना ९,०००) आणि समोरच्याचं रजिस्ट्रेशन काढून टाकण्याच्या अर्जाचे २,७००. वरखर्चाचा अंदाजही त्यांनी लिहून द्यावा. शनिवारी फोन उचलत नाहीत, आणि ज्या ज्युनिअर मुलाला आमची सगळी फाईल पाठ होती तो मधेच सोडून गेला. नव्या मुलीला सगळं पुन्हा सांगण्यात तीन आठवडे गेले.

आजची स्थिती अशी. नोटिशीला कलम ३४ आणि कागदांची यादी देऊन उत्तर गेलं, त्यानंतर त्यांच्याकडून दावा आलेला नाही. ऑनलाइन पान पाच महिन्यांनी सुरू झालं. तोवर २०२४ची दिवाळी गेली, ते नुकसान कोणी भरून देणार नाही. ट्रेडमार्क काढून टाकण्याचा अर्ज, कोलकात्याचा अर्ज आणि पेटंटचा विरोध, तिन्हींच्या तारखा बाकी आहेत. आमचा स्वतःचा ट्रेडमार्कचा अर्ज १९९३पासूनच्या वापराच्या अ‍ॅफिडेव्हिटसकट दाखल आहे. मावशींचा सोऱ्या त्यांनी लेखी पावती करून परत दिला, हिअरिंगला मागितला तर आणून द्यायच्या अटीवर, आणि या दिवाळीत मावशींनी त्यातच चकल्या केल्या.

पाचपैकी चार. एक त्या १९८३साठी कापला.

जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी त्या दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात असतात. जुनी बिलं लॅमिनेट करून नेऊ नका, आम्ही दोन केली होती आणि त्यावर बोलणी खाल्ली. मूळ कागद वेगळ्या पिशवीत, झेरॉक्सचे दोन संच, आणि भांडं, साचा, जुना डबा, जे काही तारखेसकट घरात असेल ते सोबत. वयस्कर माणूस बरोबर असेल तर खालून फोन करा, त्या जिना उतरून येतात.